हावड्याचा पूल आणि बंगालच्या होड्या



आज एका पुलाबद्दल बोलायचं आहे म्हटल्यावर आमच्या एका मित्रानं विचारलं, तत्त्वज्ञानाचा माणूस पुलाबद्दल काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी इंजिनिअर नाही. गर्डर आणि हँगर यांतला फरकसुद्धा मला अलीकडेच कळला. पण गेल्या हिवाळ्यात कलकत्त्याला जाणं झालं, तिथे चार दिवस होतो, आणि त्यातल्या तीन सकाळी मी हावडा ब्रिजवर काढल्या. परत आल्यावर त्या पुलाचा इतिहास वाचत बसलो. वाचताना असं झालं की पूल एका बाजूला राहिला आणि होड्याच डोळ्यांसमोर यायला लागल्या. कोणत्या होड्या, ते सांगतो. आधी पूल नीट पाहून घेऊ.

आपल्याकडच्या लोकांची या पुलाशी ओळख बहुधा सिनेमातून झालेली असते. शक्ती सामंतांचा १९५८चा 'हावडा ब्रिज', मधुबाला आणि अशोककुमार. ज्यांनी नागपूरकडून रेल्वेनं प्रवास केला आहे त्यांना तो वेगळ्या तऱ्हेनं ठाऊक असतो. मुंबईहून किंवा नागपूरहून सुटलेली गाडी हावड्याला थांबते, म्हणजे ती कलकत्त्यात पोचतच नाही. हुगळीच्या पश्चिम काठावर हावडा, पूर्व काठावर कलकत्ता. तुम्ही बॅगा घेऊन स्टेशनाबाहेर पडता, समोर नदी असते, आणि शहर पलीकडे असतं.

ही नदी मध्ये आहे याचा आपल्याशी एक जुना संबंध आहे, तो जाता जाता सांगून टाकतो. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. भास्करराम कोल्हटकर, ज्यांना बंगाली लोक भास्कर पंडित म्हणतात, ते त्यांचे सेनापती. बर्द्धमान, मेदिनीपूर हा हुगळीच्या पश्चिमेचा मुलूख या स्वारांनी लुटला. लोक पळून नदीच्या पूर्वेकडे गेले. कलकत्त्यात इंग्रजांनी खंदक खणायला घेतला, त्याला 'मराठा डिच' असंच नाव पडलं. बंगाली आया अजूनही मुलांना झोपवताना ज्या बर्गींची भीती घालतात, ते बर्गी म्हणजे आपले बारगीर. कलकत्त्यात कुणी मराठी म्हणून आपलं कौतुक केलं, तर हेही मनात असू द्यावं. त्या लोकांना नदी मध्ये होती म्हणून आसरा मिळाला. पूल नसण्याचाही उपयोग असतो, एवढंच आत्ता म्हणतो.

रेल्वे आली ती १८५४ साली, हावड्याहून. आणि रेल्वे आल्याबरोबर पुलाची मागणी सुरू झाली. १८६२ मध्ये बंगाल सरकारनं ईस्ट इंडियन रेल्वेचे मुख्य इंजिनिअर जॉर्ज टर्नबुल यांना विचारलं, हुगळीवर पूल होईल का? अडचण पाण्याची नव्हती, चिखलाची होती. हुगळीच्या तळाशी गाळावर गाळ आहे. आपल्या दख्खनच्या नद्यांसारखा चार हातांवर काळा कातळ लागेल, असं तिथे नाही. शिवाय ही बंदराची नदी. भरती-ओहोटी होते, जहाजं वरपर्यंत येतात. नदीच्या पात्रात खांब उभे केले की जहाजांची वाट अडते, गाळही साचतो. तेव्हा खांब नकोत, आणि पाया तर मिळत नाही.

यातून पहिली वाट काढली ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी. त्यांनी तरता पूल केला. पाँटूनवर म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ पेट्यांवर टाकलेला रस्ता. भाग इंग्लंडात बनवून जहाजानं आणले आणि इथे जोडले. १८७४ साली काम पुरं होत आलं असताना मार्चमधल्या वादळात 'इजेरिया' नावाची आगबोट नांगर तोडून त्यावर आदळली आणि तीन पाँटून बुडाले. तरी त्याच वर्षी ऑक्टोबरात पूल सुरू झाला. लांबी सुमारे दीड हजार फूट. मधला दोनशे फुटांचा तुकडा बाजूला सरकवून जहाजांना वाट द्यायची सोय होती. ती वाट दिली की वरची रहदारी थांबे. १९०६ मध्ये पोर्ट कमिशनरांनी पुलावरची वाहनं मोजली, तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून जास्त बैलगाड्या निघाल्या. चित्र डोळ्यांपुढे आणा. बैलगाड्यांची रांग लागलेली आहे, खालून जहाज चाललं आहे, आणि स्टेशनावर गाडी सुटायची वेळ झाली आहे. असं सत्तर वर्षांच्या आसपास चाललं.

नवा पूल हवा हे शतकाच्या सुरुवातीलाच ठरलं होतं. मग समित्या. पहिलं महायुद्ध. पुन्हा समित्या, त्यांतल्या एकीवर सर राजेंद्रनाथ मुखर्जी होते. १९२६ साली कायदा झाला आणि बांधकाम सुरू व्हायला १९३६ उजाडलं. सरकारी कामाचा वेग तेव्हाही आपल्या ओळखीचाच होता.

आराखडा रेंडेल, पामर अँड ट्रिटन या लंडनच्या सल्लागारांचा. पद्धत कॅन्टिलिव्हर. साध्या भाषेत सांगायचं तर असं बघा. नदीच्या दोन्ही काठांवर एकेक मनोरा, साधारण २८० फूट उंच. प्रत्येक मनोऱ्यापासून एक हात मागे जमिनीकडे जातो आणि तिथे पक्का बांधला जातो, दुसरा हात पुढे नदीवर निघतो. पुढे आलेले हे दोन हात एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. प्रत्येकी ४६८ फूट येऊन थांबतात. मधे ५६४ फुटांचं अंतर राहतं, त्यात एक तुकडा दोन्ही हातांच्या टोकांना टांगलेला आहे. बेरीज करा, दीड हजार फूट. नदीच्या पात्रात एकही खांब नाही. आणि रस्ता या सांगाड्यावर ठेवलेला नाही, त्याला खाली लोंबतो आहे. वरून हँगर सोडले आहेत, त्यांच्या ३९ जोड्या, त्यांच्यावर रस्त्याचा भार आहे. सगळा सांगाडा रिव्हेटनं सांधलेला. पुरा झाला तेव्हा या जातीच्या पुलांत तो जगात तिसरा होता.

हे चित्र समजून मी तिथे उभा राहिलो तेव्हा गंमत वाटली. आपण पुलावर चालत असतो असं म्हणतो, इथे आपण पुलाखाली चालत असतो.

पायाचं काम मात्र गंमतीचं नव्हतं. मनोऱ्यांच्या खाली प्रचंड पेट्या जमिनीत उतरवल्या, आत कप्पे कप्पे असलेल्या विहिरींसारख्या. आतला गाळ उपसत जायचा, तसतशी पेटी आपल्या वजनानं खाली बसत जाते. कलकत्त्याच्या बाजूला शंभर फुटांवर जावं लागलं, आणि तिथे पाणी आत घुसू नये म्हणून दाबाची हवा भरून त्या हवेत माणसांनी खणलं. गाळातून काय काय निघालं! जुने नांगर, तोफगोळे, पितळी भांडी, कंपनीच्या काळातली नाणी. एका रात्री गाळ उपसताना खालची जमीन एकदम सरकली आणि ती अख्खी पेटी धाडकन दोन फूट खाली गेली. त्याचा धक्का खिदिरपूरच्या भूकंपमापकावर उमटला आणि काठावरचं एक देऊळ पडलं. ते नंतर बांधून दिलं.

आता १९३९ येतं. या पुलाला लागणारं २६,००० टनांवर पोलाद इंग्लंडहून यायचं होतं. युद्ध सुरू झालं, आणि इंग्लंडला स्वतःचंच पोलाद पुरेना. तीनेक हजार टन आलं. उरलेलं २३,००० टन जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात तयार झालं. जास्त ताण सोसणारं खास पोलाद त्यांनी बनवलं, त्याचं नाव टिस्क्रोम. ब्रेथवेट, बर्न अँड जेसप या कंपनीनं कलकत्त्यातच भाग घडवले. म्हणजे ज्याला आपण इंग्रजांचा पूल म्हणतो, त्याचं अंग जवळजवळ सगळं इथलं आहे. याचा अभिमान वाटला तर काही चूक नाही. मलाही वाटला.

१९४२ मध्ये बांधकाम संपलं. डिसेंबरात जपानी विमानांनी कलकत्त्यावर बॉम्ब टाकले. पूल शाबूत राहिला. ३ फेब्रुवारी १९४३ला तो रहदारीला खुला झाला. समारंभ नाही, फीत नाही, भाषण नाही. शत्रूला सुगावा नको म्हणून गाजावाजाच केला नाही. पहिली गेली ती एक ट्राम.

इथपर्यंतची कथा तुम्हाला कुठल्याही माहितीपुस्तिकेत मिळेल. आता मला त्या तारखेपाशी थांबायचं आहे. फेब्रुवारी १९४३, बंगाल. हे साल ऐकल्यावर ज्यांनी थोडाफार इतिहास वाचला आहे त्यांना पूल आठवत नाही, दुष्काळ आठवतो.

थोडं मागे जाऊ. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं. ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा थांबला. जपानी सैन्य आता बंगालच्या किनाऱ्यावर उतरणार अशी धास्ती होती. त्यांनी मलायात काय केलं होतं, तर स्थानिक लोकांच्या सायकली आणि होड्या ताब्यात घेऊन ते वेगानं पुढे सरकले होते. तेव्हा ठरलं की बंगालच्या किनाऱ्यावर शत्रूच्या हाती काहीच लागू द्यायचं नाही. याला नाव होतं 'डिनायल पॉलिसी', म्हणजे नाकारण्याचं धोरण. त्याचे दोन भाग होते. किनारपट्टीच्या जिल्ह्यांतला जादा ठरवलेला तांदूळ उचलायचा, हा एक. दुसरा, दहापेक्षा जास्त माणसं वाहू शकेल अशी प्रत्येक होडी ताब्यात घ्यायची. मे १९४२ पासून ते सुरू झालं. सुमारे ४५,००० होड्या गेल्या. काही जाळल्या, काही बुडवल्या, काही सरकारी ठाण्यांवर नेऊन उभ्या केल्या, तिथे त्या कुजल्या.

आता बंगालमध्ये होडी म्हणजे काय, हे आपल्याला एकदम उमगत नाही. आपल्याकडे कोकणात, मालवण-रत्नागिरीकडच्या माणसाला थोडं उमगेल. देशावरच्या माणसानं असं समजावं की होडी म्हणजे बैलगाडी, एस.टी., बाजाराची वाट आणि बैल, सगळं एकच. खाडी, नदी, कालवे यांनी विणलेला मुलूख. बारिशाल, खुलना, चोवीस परगणा इकडे सडक नावाची गोष्टच थोडी. शेत एका बेटावर, घर दुसऱ्या. बियाणं होडीनं न्यायचं, पेरायला मजूर होडीनं जाणार, भात होडीनं हाटाला येणार. कुंभार माती होडीनं आणणार. कोळ्याचं तर विचारूच नका. दहा माणसांची होडी म्हणजे काही मोठं गलबत नव्हे, एका कुटुंबाच्या पोटापुरती होडी.

नुकसानभरपाई दिली की, असं सरकारचं म्हणणं. दिली, होडीच्या मालकाला. त्या होडीवर मजुरीनं वल्हं मारणाऱ्याला नाही, ज्याचं भात त्या होडीनं बाजारात जायचं त्याला नाही. लिओनार्ड पिनेल नावाचे अधिकारी बंगालच्या पुरवठा खात्याचे प्रमुख होते. त्यांनीच पुढे दुष्काळ चौकशी आयोगापुढे कबुली दिली की या धोरणानं मच्छीमार वर्गाचं अर्थजीवन पार मोडून टाकलं. आणि हे काही कुणाला आधी दिसलं नव्हतं असंही नाही. गांधीजींनी १९४२च्या मे महिन्यातच 'हरिजन'मध्ये लिहिलं होतं की पूर्व बंगालच्या लोकांच्या होड्या काढून घेणं म्हणजे त्यांचे अवयव तोडण्यासारखं आहे.

म्हणजे बघा, एकाच प्रांतात, एकाच वर्षी, एकाच युद्धाच्या नावानं दोन कामं चालली होती. कलकत्त्यात नदी ओलांडायची एक सोय पोलादानं पुरी होत होती, आणि दक्षिणेला नद्या ओलांडायच्या ४५,००० सोयी मोडल्या जात होत्या.

मी असं म्हणत नाही की होड्यांमुळे दुष्काळ पडला. इतिहासात असं एका कारणावर बोट ठेवणाऱ्या माणसापासून जरा जपून राहावं. कारणं पुष्कळ होती. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर भयंकर चक्रीवादळ आलं, समुद्र आत शिरला. भातावर रोग पडला. युद्धाचा खर्च भागवायला नोटा छापल्या, त्यानं महागाई भडकली. प्रांताप्रांतांनी धान्याच्या वाहतुकीला बंदी केली. व्यापाऱ्यांनी साठे केले. लंडनहून जहाजं मागितली, ती पुरेशी मिळाली नाहीत. कशाचा वाटा किती, यावर अभ्यासकांचं आजही भांडण आहे. पण होड्यांचा वाटा होता, याबद्दल भांडण फारसं नाही.

भाव ऐका. कलकत्त्याच्या घाऊक बाजारात ११ डिसेंबर १९४२ला तांदूळ मणाला १३-१४ रुपये. १२ मार्च १९४३ला, म्हणजे पूल सुरू होऊन महिना-सव्वा महिना झाला असताना, २१. मे संपता संपता ३०च्या वर. २० ऑगस्टला ३७. आणि हे कलकत्त्यात. ढाक्याकडे ऑक्टोबरात तो शंभराच्या पुढे गेला.

अमर्त्य सेन तेव्हा नऊ वर्षांचे होते, शांतिनिकेतनात. त्यांनी भुकेची माणसं डोळ्यांनी पाहिली. १९८१च्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या पुस्तकात त्यांनी जे मांडलं ते तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो. १९४३ साली बंगालमध्ये तांदूळ होता. त्यांच्या हिशेबानं १९४१ पेक्षा जास्तच होता. या आकड्यावर इतरांनी आक्षेप घेतले आहेत, ते असोत. सेन यांचा मुद्दा असा की माणूस मरतो तो बाजारात धान्य नाही म्हणून नव्हे, ते मिळवण्याचा त्याचा हक्क आणि ऐपत निसटते म्हणून. आणि ती कुणाची निसटली? त्यांनी धंद्यांप्रमाणे पाहिलं. सगळ्यांत जास्त चिरडले गेले त्यांत शेतमजूर, मासेमार आणि वाहतुकीवर पोट असणारे. होडीवाले, थोडक्यात.

आपल्याकडची १९७२ची आठवण माझ्या वयाच्या श्रोत्यांना असेल. पीक १९४३च्या बंगालपेक्षा कितीतरी जास्त बुडालं होतं. पण दुष्काळी कामं निघाली, खडी फोडली, बांध घातले, आणि एका टप्प्याला ५० लाखांच्या आसपास माणसं कामावर होती. हातात मजुरी आली, म्हणून धान्य आलं. हाल झाले, खूप झाले, पण बंगालसारखं मरण आलं नाही. 'दुष्काळ' या एकाच शब्दात आपण या दोन्ही गोष्टी घालतो, ती आपल्या भाषेची अडचण आहे. आपल्याला दुष्काळ म्हटलं की पाऊस आठवतो. बंगालच्या दुष्काळात पाण्याला तोटा नव्हता.

कलकत्ता शहर मात्र वाचवायचं असं ठरलं होतं. कारखाने, गोदी, रेल्वे, सरकारी कचेऱ्या इथल्या नोकरांना नेमक्या भावात तांदूळ मिळे. युद्धाला लागणारी ती माणसं. त्यांच्यासाठी खेड्यांतून धान्य शहराकडे ओढलं गेलं, आणि धान्यामागोमाग माणसं आली. जुलै-ऑगस्टपासून रस्त्यांवर, फुटपाथांवर, स्टेशनांवर. ती भात मागत नसत, भाताची पेज मागत असत. 'स्टेट्समन'चे संपादक इयन स्टीफन्स यांनी ऑगस्टअखेर रस्त्यांवरची छायाचित्रं छापली, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. चित्तप्रसाद मेदिनीपूर फिरले, चित्रं काढली, त्यांचं 'हंग्री बेंगॉल' सरकारनं जप्त केलं.

मेदिनीपूर हुगळीच्या पश्चिमेला आहे. तिकडच्या भुकेल्या माणसाला कलकत्त्यात शिरायचं तर नदी ओलांडावी लागते. पुढे ऑक्टोबरात सरकारनं निराश्रितांना शहराबाहेर हलवण्याचा वटहुकूम काढला. परतीच्या वाटेवरही मध्ये तीच नदी.

त्याच महिन्यात लॉर्ड वेव्हेल व्हाइसरॉय झाले. आल्या आल्या ते कलकत्त्याला आले आणि धान्य वाटायला त्यांनी सैन्य लावलं. ज्या लष्करासाठी होड्या मोडल्या, त्याच लष्कराच्या ट्रकांतून आता तांदूळ खेड्यांत जाऊ लागला. आयोगानं मृत्यूंचा अंदाज १५ लाख केला. नंतरचे अभ्यासक ३० लाखांपर्यंत जातात.

आता माझ्या विषयाकडे येतो. हायडेगर नावाचा जर्मन तत्त्वज्ञ १९५१ साली एका व्याख्यानात पुलाबद्दल बोलला. आम्ही तो भाग वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. त्याचं म्हणणं साधारण असं की दोन काठ आधीपासून असतात आणि पूल त्यांना जोडतो, हे वरवरचं बोलणं झालं. पूल येतो तेव्हाच काठ हे काठ म्हणून समोर येतात. पूल नदी, जमीन, आकाश, माणसं यांना एकत्र गोळा करतो. वाचायला फार सुंदर. हावड्याला उभं राहिल्यावर ते खरंही वाटतं. खाली मल्लिक घाटावर झेंडूचे ढीग, वरून डोक्यावर ओझी घेतलेले हमाल, मनोऱ्याच्या आडून येणारं ऊन.

पण हायडेगरला तरीवाला दिसत नाही. पूल यायच्या आधीही माणसं काठांवर राहत होती, आणि ती रोज पलीकडे जात होती. काठ ओळखायला ती पुलाची वाट पाहत नव्हती. पूल एका जागी असतो, म्हणून डोळ्यांत भरतो. होडी आज इथे, उद्या तिथे, तिला नकाशात जागा नसते. राज्यकर्त्याला नकाशातलं दिसतं.

कुणी म्हणेल, सर, युद्ध होतं, शत्रू दाराशी होता, तेव्हा हुकूम काढणाऱ्याला दोष काय देता? मी त्या माणसाला मूर्ख म्हणत नाही. मलायाचा अनुभव खरा होता. पण त्याचा निकष घेऊन बघा. निकष असा की जे शत्रूच्या हाती लागलं तर त्याला उपयोगी पडेल, ते राहू द्यायचं नाही. हा निकष हावडा ब्रिजला दहापट लागू होता. जपान्यांना पलीकडे जायला याहून चांगलं काय मिळणार होतं? यावर लष्करी माणूस उत्तर देईल की पूल एका जागी आहे, वेळ आली तर शेवटच्या क्षणी उडवता येतो. ४५,००० होड्या खाड्यांतून शोधत शेवटच्या क्षणी कोण फिरणार? उत्तर बिनतोड आहे, लष्करी हिशेबापुरतं. त्या हिशेबात पुलाच्या दोन बाजू मांडलेल्या आहेत, शत्रूला होईल तो उपयोग आणि आपल्याला होतो तो. होडीची मात्र एकच बाजू मांडली, शत्रूची. दुसऱ्या बाजूला कोळी होता, कुंभार होता, बी घेऊन चराकडे निघालेला शेतकरी होता. तो रकाना कोराच राहिला. माझी तक्रार त्या कोऱ्या रकान्याबद्दल आहे. माणसं मारायचा बेत कुणी केला नव्हता. हिशेब केला होता, आणि तो नीट केला होता.

हे १९४२ पुरतं आहे असं मला वाटत नाही, पण आज मी तुम्हाला इतर उदाहरणं देत बसत नाही. तुमच्या गावातली तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील.

पुलाचं पुढचं सांगायचं राहिलं. १९६५ मध्ये त्याला 'रवींद्र सेतू' हे नाव दिलं. कलकत्त्यात तीन सकाळींत ते नाव मी एकाही माणसाच्या तोंडून ऐकलं नाही. १९९३ मध्ये ट्राम बंद झाली, तिच्या वजनाचा भार पुलाला नको म्हणून. दक्षिणेला १९९२ पासून विद्यासागर सेतू आहे, आणि २०२४ पासून तर नदीच्या तळाखालून मेट्रो जाते. या पुलाला अलीकडे खरा त्रास झाला तो पानाचा. हँगरच्या बुंध्याला बसवलेली पोलादी आवरणं लोकांच्या पिचकाऱ्यांनी झिजून सहा मिलिमीटरची तीनच्याही आत आली. चुना, कात आणि लाळ. २०११च्या सुमारास ते ध्यानात आलं, आणि मग तिथे फायबरग्लासची झाकणं घातली. जपानी बॉम्बनं जे झालं नाही ते आपण करून दाखवलं.

शेवटच्या दिवशी मी पूल सोडून लाँचनं पलीकडे गेलो. हावडा स्टेशनासमोरच धक्का आहे, तिकीट काही रुपयांचं. ऑफिसची वेळ होती, उभं राहायलाही जागा नव्हती. कडेला भाजीच्या पाट्या, एक सायकल, शाळेची मुलं. मधोमध आलो तेव्हा पूल पुरा दिसला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वर पुलावर असताना तो तसा दिसत नाही. शेजारच्या गृहस्थांना विचारलं, रोज पुलावरून का जात नाही? ते म्हणाले, बस वर अडकते, हे दहा मिनिटांत पोचवतं.

बरं, घड्याळ पुढे गेलं आहे. प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतून एक हात मघापासून वर आहे, तिथून सुरुवात करू.